दोन हजार वॅटचा डबा आणि आबांची खाट

आमच्या घरात गाणी ऐकायच्या जागा तीन आहेत आणि तिघींचं एकमेकींशी पटत नाही. एक पुढची बैठक, दहा बाय चौदाची, तिथे टीव्ही. दुसरं अंगण, तिथे निंबाखाली आबांची खाट, ती पहाटे साडेपाचलाच सुरू होते. आणि तिसरी गच्ची, कारण अमळनेरकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, खाली पंखा फिरतो पण तो नुसता गरम वारा ढवळतो, मग रात्री सगळे गाद्या घेऊन वर.

मागच्या दिवाळीत ठरवलं की आता एक बरी सिस्टम घ्यायचीच. बजेट दहा हजार. म्हणजे बायको आठ म्हणाली होती, मी दहा ऐकलं. आणि अट एकच की घरातही वाजली पाहिजे आणि अंगणातही.

आता इथेच माझं चुकलं, पण ते कळायला नऊ हजार रुपये आणि बारा दिवस गेले. मी ऑनलाइन एक ते उभं पार्टी स्पीकर मागवलं. कंबरेएवढं, खाली चाकं, लाल-निळे लाईट, सोबत माईक, आणि खोक्यावर हाताएवढ्या अक्षरात २००० वॅट. खोकं उतरवलं तर गल्लीतली पोरं जमा झाली. बैठकीत लावलं आणि पहिल्याच गाण्याला कपाटावरची स्टीलची डबी चालत चालत कडेला आली. आबा आतून आले, दोन मिनिटं उभे राहिले, म्हणाले, "बंद कर रे भाऊ ते, मना कान फुटी जाई." मी म्हटलं ठीक आहे, हे बाहेरचंच आहे, अंगणात मजा येईल. अंगणात नेलं, निंबाच्या बुंध्याला टेकवलं, तेवढाच आवाज ठेवला, आणि काय सांगू, तो सगळा बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, कुठे गेला कोण जाणे. खाटेवर बसलं तर नुसतं चिरचिर ऐकू येऊ राहिलं. वाढवलं तर चिरचिर वाढली, बास काही आला नाही.

मला वाटलं पीस खराब आलाय. पीस खराब नव्हता, अंगणाला भिंती नव्हत्या एवढंच. खोलीत आवाज भिंतींवर, छतावर आपटून परत आपल्याकडेच येतो, बासला तर कोपरे फार मदत करतात. बाहेर जो आवाज गेला तो गेला, सरळ शेजारच्या वाड्यात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, हा नियम पुस्तकातला आहे पण मी तो अंगणात पावलं मोजून बघितला. मोबाईलमध्ये आवाज मोजायचं फुकटचं अ‍ॅप टाकलं, ते काही अचूक नसतं पण दोन आकड्यांतला फरक समजायला पुरतं. डब्यापासून एक मीटरवर ८२ आला, दोनवर ७६, चारवर ७१, आणि आठवर, म्हणजे खाटेच्या पलीकडे तुळशीजवळ, ६६. बैठकीत तेच केलं तर एक मीटरला ८२ आणि पार शेवटच्या भिंतीला ७७. झालं. सगळं गणित तिथेच.

आणि यातली खरी मेख पुढे आहे. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. म्हणजे दोन मीटरवर जे पाच वॅटमध्ये छान ऐकू येतं तेच आठ मीटरवर तसंच ऐकायचं तर १२ डेसिबल भरून काढायचे, म्हणजे सोळा पट, पाचाचे ऐंशी वॅट. किंवा, आणि हे डोक्यात यायला मला आठवडा लागला, स्पीकर उचलून खाटेजवळ न्यायचा. फुकटात.

त्या २००० वॅटचंही सांगतो. डबा उलटा करून मागचं स्टिकर वाचलं, तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं की वीज खाणार ६० वॅट. आता ६० आत जाणार आणि २००० बाहेर येणार असं काही असतं तर महावितरणने तो डबाच विकत घेतला असता. हा सगळा पीएमपीओ नावाचा प्रकार, एखाद्या क्षणाला चुकून केवढा झटका निघेल त्याचा आकडा, आणि तोही कंपनीने कसा मोजला ते कंपनीलाच माहीत. आपण बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग किती वॅट देतो तो. तो लिहिलेलाच नसेल तर मागचं स्टिकर बघायचं, प्लगमधून जेवढं आत जातं त्यापेक्षा जास्त सलग बाहेर येत नाही, साधी गोष्ट आहे.

डबा परत केला. परत घेतला त्यांनी, पण बारा दिवस रोज फोन करून, आणि खोकं फाटलंय म्हणून पैसे कापले. जाऊ द्या.

मग मी जळगावला एका कामासाठी गेलो होतो तर गोलाणी मार्केटला चक्कर मारली. तिथे सगळ्या ब्लूटूथ स्पीकरांचा बाजार, गोल, लांबट, हातात मावणारे, खांद्याला अडकवायचे. त्यांना नावं ठेवणार नाही मी. एक छोटा आमच्याकडे आहेच, गच्चीवर उशाशी ठेवला की दोघांना पुरतो, उशाशी म्हणजे अर्ध्या मीटरवर, आणि अंतराचं वर सांगितलंच. फक्त घेताना दोन गोष्टी बघा. एक, पाण्याधुळीचा आकडा. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल, पण त्यात जिथे एक्स आहे तिथे धुळीची परीक्षाच दिलेली नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने आणि धूळ आठ महिने, त्यामुळे ६७ लिहिलेला मिळाला तर बरा, त्यातला सहा धुळीचा. दुसरं, ऊन. आतली लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशाच्या वर चार्ज करायची नसते, आणि आपल्याकडे मेमध्ये सावलीतलंच तापमान ४३-४४ ला जातं. माझ्या मेव्हण्याने त्याचा स्पीकर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावून ठेवला दुपारी, संध्याकाळी त्याचं पोट फुगलेलं. स्पीकरचं.

पण मला पाहिजे होतं बैठक आणि अंगण. तेव्हा एका जुन्या म्युझिक सिस्टिम दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो, त्यांच्याकडे छताला भिडलेले डबे. मी आपलं सगळं पुराण सांगितलं. ते सोल्डरिंग करता करता ऐकत होते, मान वर न करता म्हणाले, "भाऊ, तुम्ही एक डबा दोन जागी शोधू राहिले. अ‍ॅम्प्लिफायर एक घ्या, डबे दोन जागी ठेवा."

बास, एवढंच पाहिजे होतं.

त्यांच्याकडेच एका जुन्या सिस्टिमचे लाकडी डबे मिळाले, आठ ओहमचे (ओहम म्हणजे डबा विजेला किती अडवतो त्याचं माप), जोडी अठराशे. वूफरच्या, म्हणजे आतल्या बासच्या स्पीकरच्या, कडेचा फोम पार भुगा झालेला, बोट लावलं की राखेसारखा गळत होता, त्यांनी तो नवीन बसवून दिला सहाशे रुपयात. हे जुन्या डब्यांचं दुखणं असतंच, जाळी काढून कड बघितल्याशिवाय घेऊ नका. पण कोन, म्हणजे आतला हलणारा पडदा, आणि मॅग्नेट चांगला असेल तर दोन अडीच हजारात जो आवाज येतो तो नव्यात सात-आठ हजाराला पण येत नाही, हे माझं मत, भांडायला या खुशाल.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे सिग्नल मोठा करून डब्यांना देणारी पेटी, मी घेतला तो वितभर लांबीचा, क्लास डी वाला, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ नावाची चिप, चोवीसशे रुपये. जाहिरातीत ५० अधिक ५० वॅट लिहिलेलं, ते खोटं नाही पण २१ व्होल्ट आणि चार ओहमला, आणि तेव्हा आवाज फाटायला लागलेला असतो. मी माझ्या बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, आठ ओहमवर हिशोब केला तर फार फार वीसेक वॅट. आणि खरं सांगतो, बैठकीत त्यातले दोन-तीन वॅट पण लागत नाहीत.

हॉलमधलं काम अर्ध्या तासात झालं. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर अ‍ॅम्प्लिफायरला, बाकी काही नाही. ब्लूटूथने टीव्ही जोडून बघितला होता आधी, पण ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, बायको म्हणे डब केलेला सिनेमा बघितल्यासारखं वाटतं. गाण्याला उशीर चालतो, सिनेमाला नाही, म्हणून टीव्हीला वायरच.

डबे आधी मी हौसेने शोकेसच्या आत बसवले होते, काचेच्या मागे. आवाज मडक्यातून आल्यासारखा. बाहेर काढले, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि दोघांची तोंडं थोडी सोफ्याकडे वळवली. एवढ्याने जो फरक पडला तो पैसे देऊन पण पडला नसता. शोकेसमध्ये परत कप-बशा गेल्या.

खरी मजा अंगणाची. तिथे पाच इंची नवीन डबे घेतले, भिंतीला टांगायचे, प्लास्टिकच्या बॉडीचे, पावसाच्या शिंतोड्याला चालतील असे, जोडी छत्तीसशे. कुठे लावायचे यावर घरात दोन दिवस चर्चा. मी आधी निंबावर म्हणत होतो. शेवटी ओट्यावर छज्ज्याच्या खाली दोन्ही कोपऱ्यात लावले, खाट ओट्याकडे तीन मीटर सरकवली, म्हणजे आबांना न सांगता सरकवली, दुसऱ्या दिवशी त्यांनी ती परत मूळ जागी नेली, मग सांगून सरकवली. कोपऱ्यात लावल्याने मागची भिंत आणि वरचा छज्जा, दोन्हींची बासला मदत होते, जो बास निंबाखाली गायब झाला होता तो थोडाफार परत आला. गच्चीसाठी वेगळं काही केलं नाही, तिथे तो छोटाच.

वायरवरून इलेक्ट्रिशियनशी माझं वाजलं. अ‍ॅम्प्लिफायर बैठकीत आणि ओट्याचे डबे वायरीच्या वाटेने पंधरा पंधरा मीटरवर. तो म्हणाला बारीक बेल वायर चालते, आवाजच तर जायचाय. मी म्हटलं दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची. पंधरा मीटर जाऊन पंधरा मीटर परत यायचं, त्या दीडच्या वायरीत साधारण एक तृतीयांश ओहम जातो, अर्ध्या एमएमच्या वायरीत एक ओहमच्या वर. आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक ओहम म्हणजे वाटेतच जकात भरल्यासारखं. आणि तांबं म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर पण मिळते, स्वस्त असते, टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ठेवून द्या.

दुसरं त्याने सुचवलं की दोन्ही डब्यांचा मायनस एकच करू, तीन तारांत काम होतं, चौथी वाचते. आता बाकी वायरिंगमध्ये न्यूट्रल एक करतात तसं त्याला वाटलं, त्याचा काही दोष नाही. पण या छोट्या क्लास डी मध्ये डाव्याचा मायनस आणि उजव्याचा मायनस एकत्र करायचे नसतात, दोन्ही तारांवर सिग्नल असतो, जोडले की चिप एकतर बंद पडते नाहीतर कायमची जाते. हे मी नशिबाने आदल्या रात्री वाचलं होतं. दोन वेगळ्या वायरी ओढल्या, तीस मीटर, तेराशे पन्नास.

आणि तरीही चुकलोच. सगळं लावलं, गाणं सुरू केलं, आवाज येतोय पण पोकळ, गाणारा मध्ये न राहता कुठेतरी आजूबाजूला पसरलेला, बास नावाला. दोन डब्यांच्या मधोमध बसलं की जास्तच वाईट. एका डब्याचं प्लस-मायनस उलटं लागलेलं होतं, म्हणजे एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि दोघं मिळून एकमेकांचा बास खातात. दोन्ही वायरी काळ्याच, रंग काही कळेना. मग काकांना फोन केला, ते म्हणाले अ‍ॅम्प्लिफायर काढून ठेवा आणि घड्याळातला सेल आणा. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल, वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवायचा, डब्यातून टप्प आवाज येतो आणि कोन हलतो. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला जे टोक लावलं ते प्लस. मी बैठकीत सेल टेकवू राहिलो, पोरगी बाहेर ओट्यावर स्टुलावर चढून जाळी काढलेल्या कोनाकडे बघू राहिली आणि ओरडू राहिली, "बाहेर! आत! बाहेर!" आबा खाटेवरून आम्हा दोघांकडे बघत होते. मग लाल चिकटपट्टी लावून ठेवली टोकांना.

बैठकीची जोडी काढून अंगणाची लावायला बनाना प्लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायच्या खुपसायच्या पिना, लावल्यात. केळ्यांचा जिल्हा आमचा, पण बनाना प्लगसाठी जळगावात तीन दुकानं फिरलो, एकाने तर विचारलं कोणत्या मशीनला लागतो. दोन्ही जोड्या एकदम पण लावता येतात, आठ आणि आठ समांतर लावले की चार ओहम होतात आणि हा अ‍ॅम्प्लिफायर चारपर्यंत चालतो. डबे चार ओहमचे असते तर दोन झाले असते, ते नाही करायचं.

तर एकूण, डबे अठराशे, फोम सहाशे, अ‍ॅम्प्लिफायर चोवीसशे, बाहेरचे छत्तीसशे, वायर तेराशे पन्नास, प्लग दोनशे. नऊ हजार नऊशे पन्नास. बायकोच्या आठमध्ये बसलं नाही, माझ्या दहात बसलं.

एक फायदा मात्र असा झाला जो मी ठरवून घेतलाच नव्हता. थंडीत आमच्याकडे शेतात भरताची पार्टी असतेच, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत कुटायची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, पन्नास माणूस. दरवर्षी कोणीतरी ट्रॅक्टरवर मोठा साउंड आणायचं आणि त्या आवाजात कोणालाच कोणाशी बोलता यायचं नाही. यावर्षी शेतातली लाईट दुपारीच गेली. माझ्या डोक्यात आलं की हा अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर पण चालतो, आणि खळ्यात फवारणीचा बॅटरी पंप पडलेला. पंपाची बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर अवरची. तिच्या टोकांना दोन चिमटे लावले, बैठकीतले जुने लाकडी डबे आधीच गाडीत टाकून आणलेले, ते बांधावर न ठेवता माणसं बसली होती तिथे दोन बाजूंना दोन ठेवले. १२ व्होल्टवर एका बाजूला नऊच वॅट निघतात. नऊ वॅट. चार तास वाजलं, बॅटरी उरली, आणि चुलत्यांनी गाणं चालू असताना शेजारच्याला मिठाचा डबा मागितला आणि त्याने तो दिला, म्हणजे त्याला ऐकू गेलं. हे मी मोठं यश समजतो.

रात्री दहानंतर अंगणातलं बंद. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाऊडस्पीकर लावायचा नाहीच, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, ती तर आमच्या कुत्र्याच्या एका भुंकण्यात संपते. आबांचं पहाटेचं साडेपाचचं तसं त्या वेळेतच येतं, पण ते हळू आवाजात चालतं, खाटेपर्यंत पोचेल इतकंच, त्यांना आकाशवाणी जळगाव लागतं आणि नंतर कीर्तन. पहिल्या दिवशी त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "आते कसं, मानुस समोर बसीसन बोली राह्यना असं वाटस." आमच्या आबांकडून एवढं म्हणजे फार झालं.

गेल्या पंधरा दिवसांपासून मात्र ओट्याच्या डाव्या डब्याचा बास गेलाय. मी प्लग बघितले, वायर बघितली, सेल टेकवून परत बाहेर-आत केलं, सगळं बरोबर. शेवटी स्टुलावर चढून मागे टॉर्च मारला तर बासचं जे गोल भोक असतं ते मातीने गच्च लिंपलेलं, कुंभारीण माशीने घर केलंय त्यात. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत चढलो तर आबा खाटेवरून म्हणाले, "राहू दे. तिनं घर बांधेल शे."

त्यामुळे सध्या उजव्याच बाजूला बास आहे. पिल्लं उडून गेली की भोकाला मच्छरदाणीची जाळी चिकटवणार आहे, तुम्ही आधीच चिकटवा.